मुलगी पुण्याची, जावई कोलकात्याचा : लग्नाचा मेनू आणि विधी कसे जमवायचे?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलाकडचे कोलकात्याचे, लग्न पुण्यात, ३०० माणूस, तुमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि तिकडून निरोप आलाय की मासा नाही तर लग्न कसलं. त्यात कार्यालयाच्या केटररने तुम्हाला "मराठी-बंगाली फ्युजन" मेनू काढून दिलाय, मोहरीच्या ग्रेव्हीतली अळूवडी, रसगुल्ला-श्रीखंड शॉट वगैरे. आणि विधी कुणाचे किती करायचे यावरून दोन्ही घरी रोज फोन. मी पुण्यात लग्नाची जेवणं करते, दोन प्रांतांची लग्नं पुष्कळ केलीत, बंगाली जावई तर आयटीच्या कृपेने दर सीझनला असतोच. तर सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी तो फ्युजन मेनू फाडून टाका. तुमच्या काकू म्हणणार ही कसली अळूवडी आणि त्यांच्या पिशीमां (आत्या) म्हणणार हे कसलं शोर्शे (मोहरीचा रस्सा), म्हणजे पैसे देऊन दोन्हीकडून नावं ठेवून घ्यायची. एका ताटात दोन्ही घालू नका, दिवस वाटून घ्या. एक जेवण पूर्ण आपलं, एक जेवण पूर्ण त्यांचं. असं का म्हणते ते सांगते, कारण लोकांना वाटतं की प्रश्न फक्त मासे-मटणाचा आहे, तसं नाहीये, जेवायचा क्रमच वेगळा आहे.

आपल्या पंगतीत पान आधी पूर्ण वाढून होतं. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत, उजवीकडे बटाट्याची भाजी, अळूचं फतफतं, मधे वरणभाताची मूद, वर तूप, मग वदनी कवळ आणि मग हात घालायचा. जिलबी जेवताना मधेच येते, मठ्ठ्याबरोबर, आणि आग्रह पण तेव्हाच. बंगाली माणूस एकेक पदार्थ घेत पुढे सरकतो. दुपारचं साग्रसंगीत जेवण असेल तर आधी कडू, म्हणजे शुक्तो, मग डाळ आणि तळलेलं वांगं, मग भाज्या, मग मासा, मग मटण, मग टोमॅटो-खजुराची गोड चटणी पापडाबरोबर, आणि गोड अगदी शेवटी. त्यामुळे आपल्या पंगतीत बंगाली पाहुणे बसले की काय होतं बघा, जिलबी पडली की ते ती पानाच्या कडेला सरकवून ठेवतात, शेवटी खाऊ म्हणून. तेवढ्यात दोन वेळा जिलबीवाला येऊन आग्रह करून जातो, पानात सहा जिलब्या साठतात, मग मठ्ठाभात येतो आणि जिलब्या मठ्ठ्यात भिजतात. मी एका आजोबांना पान उचलायला आलेल्या पोराचा हात धरून "मिष्टी, मिष्टी" (गोड, गोड) म्हणताना बघितलंय.

म्हणून मी आता वाढप्यांना आधीच सांगते, बंगाली पाहुण्यांची रांग वेगळी बसवायची नाही (ते फार वाईट दिसतं), पण त्यांच्या पानात जिलबी एकच टाकायची आणि भात झाल्यावर परत फिरायचं. प्रत्येक पंगतीला घरातलं एक बोलकं माणूस नेमा, मामेभाऊ वगैरे, जो शेजारी बसून सांगेल की हे पंचामृत आहे, भाजीसारखं ओरपू नका, बोटभर चाटायचं. बाकी फार समजवावं लागत नाही. अळूचं फतफतं तर त्यांना लगेच आवडतं कारण त्यांच्याकडे कोचूर शाक असतंच. कैरी पण दोन्ही घरची, आपलं पन्हं आणि त्यांचं भाजलेल्या कैरीचं आम पोडा शरबत. लग्न उन्हाळ्यात असेल तर दारात पन्हंच द्या, ते निळं-हिरवं मॉकटेल नको.

दुपारचा मेनू साधा आणि पूर्ण ठेवा. वरणभात, मसालेभात, पुरी, बटाटा भाजी, अळू, काकडीची कोशिंबीर, कुरडई-पापड, जिलबी, मठ्ठा. मसालेभाताला आंबेमोहर घेतला तर दहा-बारा जणांमागे किलोभर तांदूळ पुरतो, कारण पानात साधा भातही असतो. पनीर नको ताई, खरंच नको. बंगाली लोक तुमच्याकडे पनीर खायला येत नाहीयेत.

आता दिवस कसा वाटायचा. आपला मुहूर्त सहसा सकाळचा नाहीतर दुपारचा, त्यांचं लग्न सूर्यास्तानंतर लागतं, गोधूलीला नाहीतर रात्रीच्या मुहूर्तावर. म्हणजे न भांडताच वाटणी झालेली आहे. सकाळी मराठी, संध्याकाळी बंगाली, त्याच हॉलमधे, फुलांचा खर्चही एकदाच. पण दोन गोष्टी आत्ताच विचारून घ्या. एक म्हणजे त्यांच्या पुरोहितांनी काढलेली वेळ. पंजिकेत, म्हणजे त्यांच्या पंचांगात, रात्री साडेअकराचे मुहूर्त पण असतात आणि आपल्याकडे दहानंतर स्पीकर बंद करावा लागतो, हॉलवाले तर साडेदहाला दिवे घालवायला लागतात. आधी सांगितलं तर पुरोहित बहुतेक वेळा लवकरची वेळ काढून देतात. दुसरी गोष्ट उपवास. त्यांच्यात नवरा-नवरी दोघं पहाटे दोधी मंगल करतात, उजाडायच्या आधी दही-पोहे, केळं, संदेश नावाची मिठाई खायची, आणि मग लग्न लागेपर्यंत काही नाही. आणि आपल्याकडे दुपारी पंगतीत नाव घेऊन घास भरवायचा! नवरी उपाशी, अंगावर शालू, दिवसभर होमाचा धूर, आणि रात्री नऊला परत बनारसी नेसून उभी. चक्कर येऊन पडते हो पोरगी. यावर मी सुचवते ते असं की उपवास सकाळच्या सप्तपदीनंतर सुटला असं दोन्ही घरांनी आधीच ठरवून टाकायचं, किंवा मुलाची आजी फारच कडक असेल तर दिवसभर फळं, दूध, शहाळं चालेल असं त्यांच्या पुरोहितांच्या तोंडून वदवून घ्यायचं. घास भरवताना जिलबीचा तुकडा टाळून केळ्याचा भरवला तरी फोटोत कुणाला कळत नाही.

विधींचं बघू. इथे मी जरा स्पष्टच बोलते, दोन पूर्ण लग्नं लावू नका. कन्यादान एकदाच, सप्तपदी एकदाच. बरेच गुरुजी स्वतःच म्हणतात की दिलेली मुलगी परत कशी देणार. त्यामुळे कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, मंगळसूत्र सकाळी आपल्या पद्धतीने करा आणि संध्याकाळी त्यांचं जे खास आहे ते करा, म्हणजे सात पाक (नवरीला पाटावर उचलून नवऱ्याभोवती सात फेरे), शुभदृष्टी (पहिली नजरानजर), मालाबदल आणि सिंदूरदान. उलटही चालतं, सकाळी फक्त हळद आणि देवक, संध्याकाळी पूर्ण बंगाली लग्न. पण कुठलं तरी एकच पूर्ण ठेवा. काही जण विचारतात की कायद्याने कुठलं धरतात. दोघं हिंदू असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सांगतं की दोघांपैकी कुणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी विवाह धरला जातो, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर तो पूर्ण होतो. विधी मात्र खरोखर व्हायला हवेत, नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मधे सांगितलंय. म्हणून फोटोग्राफरच्या घाईत सप्तपदी तीन पावलांत उरकू देऊ नका, आजकाल हे फार चाललंय.

अंतरपाट आणि शुभदृष्टी ही मात्र खरी अडचण. दोन्हीचा गाभा एकच, नवरा-नवरीने एकमेकांना पहिल्यांदा बघायचं. आपल्याकडे मधे अंतरपाट, मंगलाष्टकं, शेवटच्या "सावधान"ला अक्षता पडतात आणि अंतरपाट दूर होतो. त्यांच्याकडे नवरी तोंडावर दोन विड्याची पानं धरून पाटावर बसते, भाऊ तो पाट उचलून नवऱ्याभोवती सात फेरे घालतात आणि मग ती पानं खाली करते. सकाळी अकराला एकमेकांना बघून, जेवून, दोनशे सेल्फी काढून झाल्यावर रात्री आठला परत पानाआडून लाजायचं म्हणजे जरा नाटकच होतं. तरी लोक करतात, आणि पाट उचलायची मजा इतकी असते की कुणी काही म्हणत नाही. पण मला विचाराल तर हा एकच भाग एकत्र करण्यासारखा आहे. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, नवरीला चार भावांनी पाटावर उचलून आणायचं (एका कोपऱ्याला मामाला लावा, त्याचा मान पण राहतो), सात फेरे, मग पाट जमिनीवर, शेवटचं कडवं, अक्षता, अंतरपाट खाली आणि त्याच्यामागे नवरी पानं खाली करते. सनईवाल्याला बजावून ठेवा की या क्षणी थांबायचं, कारण त्यांच्या बायका उलुध्वनी करतात (जीभ हलवून "उलू-उलू" असा मंगल आवाज), शंख वाजतो, आणि वरून सनई-चौघडा पडला की कुणाचंच काही ऐकू येत नाही. उलट सनई थांबून एकदम ती उलू उठली ना, की आपल्या म्हाताऱ्या बायकांच्याही अंगावर काटा येतो. हे करायचं ठरलं तर सात पाक सकाळीच संपतात, संध्याकाळला सिंदूरदान आणि मालाबदल उरतं, चालतं ते. फक्त पाट भक्कम सागवानी घ्या, डेकोरेटरचा थर्माकोल-प्लायवाला नको, आणि भावांची एक रंगीत तालीम घ्या, जिममधे जाणारी मुलं पण पाचव्या फेऱ्याला हलतात.

मुंडावळ्या आणि टोपर (त्यांच्या नवऱ्याचा मुकुट) एकाच कपाळावर बसत नाहीत, सांगून ठेवते. टोपर शोल्याचा असतो, पाण्यात वाढणाऱ्या झाडाच्या पांढऱ्या गाभ्याचा, कापसासारखा हलका आणि जरा दाबला की मोडतो. मुंडावळ्या सकाळी, टोपर संध्याकाळी. कोलकात्याहून येताना टोपर हातात घेऊन यायला सांगा, बॅगेत टाकला की चुरा. हिरवा चुडा आणि शांखा-पोला (त्यांच्या नवरीच्या पांढऱ्या-लाल बांगड्या) मात्र एका हातात छान दिसतात, पुढे हिरव्या काचेच्या, मधे पांढरा शंख आणि लाल पोला. त्याला कुणाची हरकत आलेली मी तरी बघितली नाही.

आता एक गोष्ट जी कुणी विचारत नाही आणि मग ऐनवेळी रुसवेफुगवे होतात. जुन्या बंगाली घरात मुलाची आई लग्नाला येतच नाही, ती घरी थांबून सुनेची वाट बघते. आणि मुलीची आई पण लग्न लागताना बघत नाही, कन्यादानाला वडील नाहीतर मामा-काका बसतात. इकडे आपल्याकडे कन्यादानाला तुम्ही मुलीच्या बाबांशेजारी बसून पाणी सोडणार, आणि विहिणीची पंगत तर लग्नातला सगळ्यात मोठा मान. तुम्ही चांदीचं ताट, रांगोळी, अत्तरदाणी, विहीण म्हणायला दोन बायका सगळं तयार ठेवायचं आणि विहीणबाई कोलकात्यातच! मग आपले लोक म्हणणार अपमान केला. आजकाल बऱ्याच आया येतात, पण धरून चालू नका, याद्या करायला बसाल तेव्हाच स्पष्ट विचारा, आणि फोन मुलाने नाही, तुम्ही स्वतः त्यांना करा. त्या येणार असतील पण लग्न बघणार नसतील तर त्यांना त्या अर्ध्या तासासाठी वेगळी खोली, चहा आणि सोबतीला कुणीतरी द्या, आणि विहिणीची पंगत त्यानंतर झोकात करा. येणारच नसतील तर पंगत लग्नाच्या दिवशी करूच नका, आदल्या महिन्यात त्या केळवणाला पुण्यात आल्या तर तेव्हा करा. केळवणावरून आठवलं, त्यांच्यात तेच आयबुडो भात. तुमच्या घरच्या केळवणात एकदा लुची (मैद्याच्या पुऱ्या) आणि छोलार डाळ (हरभऱ्याची डाळ) करून बघा, म्हणजे काका-काकूंची जीभ तयार होते आणि लग्नात कुरकूर होत नाही.

हळदीला काही जमवावंच लागत नाही. आपल्याकडे नवऱ्याची उष्टी हळद नवरीला जाते, त्यांच्या गाये होलुदमधेही अगदी हेच. फक्त त्यांच्याकडून हळदीबरोबर तत्त्व येतं, म्हणजे सजवलेली ताटं, साड्या, मिठाया, आणि त्यात एक मोठा रुई मासा, कच्चा, आख्खा, साडी नेसवलेला, कधी नाकात नथ. तो तुमच्या देवघरासमोर उतरला की काय होईल ते मी सांगायला नको. त्यांना प्रेमाने सांगा की मासा संदेशचा पाठवा. ही काही तडजोड नाही, कोलकात्याच्या मिठाईवाल्यांकडे माशाचे लाकडी साचे असतात आणि तत्त्वात असे संदेश नेहमीच असतात. मग ती ताटं तुमच्या रुखवताशेजारीच मांडा, एकाच टेबलावर. बायका तासभर तिथून हलत नाहीत.

आता खऱ्या माशाकडे. माझं मत, संध्याकाळी मासा असू दे. तीनशेतले शंभर-सव्वाशे लोक दोन हजार किलोमीटरवरून येणार, त्यांना लग्नात मासा नाही म्हणजे आपल्याला लग्नात गोड नाही म्हटल्यासारखं. पण आधी कार्यालयाची पावती वाचा. पुण्यात बऱ्याच कार्यालयांत मांसाहार चालतच नाही आणि "बाहेर लॉनवर चालेल" हे तोंडी सांगतात, मग त्या दिवशी मॅनेजर बदललेला असतो. लेखी घ्या. नाहीच चालणार असेल तर संध्याकाळ दुसऱ्या लॉनवर न्या. चालणार असेल तर भटारखाना वेगळा, शेगड्या, कढया, झारे, डाव सगळं वेगळं, वाढपी पण वेगळे आणि त्यांच्या टोप्यांचा रंग वेगळा. एकाच टेबलाच्या दोन टोकांना व्हेज-नॉनव्हेज हे मी कधीच करत नाही, कुणीतरी एकच चमचा दोन्हीकडे घालतं. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून मग वापरतात, तो धूर डोळ्यांना झोंबतो, तेव्हा ती शेगडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावा.

हिशोब सांगते. १२० खाणारे, प्रत्येकी १०० ग्रॅमचे दोन तुकडे, म्हणजे २४ किलो कापलेला मासा, त्यासाठी आख्खा साधारण ३५ किलो घ्यावा लागतो. रुई-कातला, म्हणजे आपला रोहू-कटला, उजनीचा भिगवणला मिळतो. मोठा घ्या, तीन किलोच्या वरचा, लहानात काटे फार. आणि डोकी फेकायची नाहीत हे कोळणीला बजावा, ती डोकी घालून बंगाली मूगडाळ नाहीतर मुडीघंटो करतात आणि त्यावर उड्या पडतात. फिश फ्राय करणार असाल तर भेटकी, तो म्हणजे आपल्या रायगडचा जिताडा. महाग आहे. म्हणून केटरर हळूच बासा घालतात, आणि बंगाली माणूस पहिल्या घासाला ओळखतो. परवडत नसेल तर फिश फ्राय करूच नका पण बासा घालू नका.

संध्याकाळचा शाकाहारी भाग मात्र कमी समजू नका, तुमच्या लोकांना तिथेच जेवायचंय. लुची, खोबऱ्याचे काप आणि बेदाणे घातलेली छोलार डाळ, बेगुन भाजा (तळलेलं वांगं), धोकार डालना (हरभऱ्याच्या डाळीच्या वड्या रश्शात, कांदा-लसूण नाही), कच्च्या फणसाची भाजी, गोविंदभोग तांदळाचा पिवळा बासंती पुलाव. पुलाव गोडसर असतो, म्हणूनच तो आणि मसालेभात एका पानात नको म्हणत होते. आलू पोश्तो (खसखशीतला बटाटा) तीनशे माणसांना करू नका, खसखशीचं बिल बघून यजमान गप्प होतात. मिष्टी दोई (गोड दही) पुण्यातच लावून घ्या, मातीच्या मडक्यात, आदल्या रात्री. नोलेन गुड (खजुरीच्या रसाचा ताजा गूळ) फक्त थंडीतलं, मे महिन्यात कुणी देतो म्हणाला तर तो इसेन्स. आणि दुपारी जिलबी असल्यामुळे श्रीखंड कुठेच नको, मिष्टी दोईसमोर उगाच स्पर्धा.

तारीख धरताना, त्यांच्यात पौष आणि चैत्रात लग्न होत नाही, त्यांच्या सौर महिन्याने म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी आणि मध्य मार्च ते मध्य एप्रिल. भाद्रपद, आश्विन, कार्तिकही नाही. मुलाच्या नाहीतर मुलीच्या जन्ममहिन्यातही ते टाळतात. श्रावण त्यांना चालतो, आपला चातुर्मास. तुळशीच्या लग्नानंतर, त्यांचा कार्तिक संपला की मध्य डिसेंबरपर्यंत, माघ-फाल्गुनात नाहीतर वैशाख-ज्येष्ठात बसतं दोघांचं.

लग्नानंतर कोलकात्यात बोऊभात होईल, तिथे नवी सून सासरच्यांना तुपभात वाढते आणि नवरा तिला अन्नाचं ताट आणि साडी देतो. त्याच्या आदल्या रात्री काळरात्री, नवरा-नवरीने एकमेकांचं तोंड बघायचं नाही, तेव्हा "जोडीचे फोटो पाठव" म्हणून मुलीच्या मागे लागू नका. तुमचे वीस-पंचवीस जण जाणार असतील तर त्यांच्याकडे "व्हेज" न म्हणता "निरामिष" म्हणा, मग कांदा-लसूणसुद्धा न घालता वेगळं करतात. आणि बुफेत कोबीची भाजी किंवा मूगडाळ दिसली म्हणून लगेच वाढून घेऊ नका, आधी विचारा, त्यात माशाचं डोकं असू शकतं.